मुलाला दम्याचा जोराचा झटका आला तर हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत काय करायचं?

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका आईचा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. दिवाळीपासून तीनदा जोराची धाप लागली. शेवटच्या वेळी रात्री दोनला घरच्या मशीनवर नेब्युलायझर (मशीनने बारीक फवारा करून श्वासातून दिलेलं औषध) दिला, अर्ध्या तासात बरं वाटलं, मूल झोपलं. पहाटे पाचला धाप इतकी वाढली की धावत हॉस्पिटल गाठावं लागलं आणि दोन दिवस ऑक्सिजनवर राहावं लागलं. त्या विचारतात: असा झटका घरीच आटोक्यात आणता येईल का, घरात कोणती औषधं ठेवावीत, सासूबाईंचा पंपाला (इन्हेलरला) विरोध आहे आणि त्या कोजागिरीला खिरीतून देतात त्या औषधाचं म्हणतात, त्यांना काय सांगावं? शिवाय पुढच्या महिन्यात लग्नासाठी नाशिकला जायचं आहे.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हलका आणि मध्यम झटका घरी नीट सांभाळता येतो. जोराचा झटका घरी संपवता येत नाही, पण त्याचा उपचार घरी सुरू करता येतो आणि करायलाच हवा. हॉस्पिटलात पोहोचल्यावर पहिल्या तासात डॉक्टर जे औषध सगळ्यात आधी देतात ते तुमच्या कपाटात असतं. बहुतेक घरांत ते उशिरा, कमी मात्रेत किंवा चुकीच्या पद्धतीने दिलं जातं. आणि दिल्यावर थोडा आराम पडला की सगळे झोपायला जातात.

तुमच्याकडे दोन ते पाचमध्ये काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. झटक्यात श्वासनळीत तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. सॅल्ब्युटामॉल (अस्थालिन वगैरे नावांनी मिळतं ते) फक्त पहिल्यावर काम करतं. पाच मिनिटांत स्नायू सैल होऊ लागतात, मुलाला मोकळं वाटतं, पण हा परिणाम तीन-चार तासांत ओसरतो. जोराच्या झटक्यात तर त्याही आधी. सूज तशीच असते, कधी या मधल्या वेळात वाढलेलीही असते. सूज उतरवणारं औषध म्हणजे स्टिरॉइड. ते पोटात गेल्यावर परिणाम दिसायला साधारण चार तास लागतात. म्हणजे दोनला तुम्ही स्नायूंचा बंदोबस्त केलात, सुजेचा केला नाही, आणि पाचला औषधाची मुदत संपली. मशीन लावलंत ते बरोबरच होतं. पण तेवढ्यावर उपचार संपत नाही, हे तुम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता झटका जोराचा आहे हे ओळखायचं कसं? आवाजावरून नाही. घरघर आणि शिट्टीसारखा आवाज ऐकून लोक घाबरतात, आणि आवाज थांबला की निर्धास्त होतात. आम्हा डॉक्टरांची भीती उलटी असते. शिट्टी वाजायलासुद्धा नळीतून हवा जावी लागते. मूल धापा टाकतंय, छाती जोरात हलतेय आणि आवाज मात्र येत नाही, याचा अर्थ हवा आत-बाहेर होणंच जवळजवळ बंद झालंय. तसंच, तासभर भराभर चाललेला श्वास अचानक मंद झाला आणि मूल मलूल पडलं, तर त्याला झोप लागली असं समजू नका. ते थकलं आहे. अशा वेळी एक मिनिटही घालवायचा नाही.

दिवा लावा, शर्ट काढा आणि पाहा. आपल्याकडे हिंदी बोलणारे शेजारी ‘पसली चल रही है’ म्हणतात, ते निरीक्षण अगदी बरोबर आहे. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, गळ्याच्या खालची खळगी आत जाते का, नाकपुड्या फुलतात का, पोट आणि छाती एकमेकांच्या उलट हलतात का? मूल आडवं व्हायला नाकारतं का, हात टेकून पुढे वाकून बसतं का? तुमच्या मुलाच्या वयात बोलणं ही उत्तम कसोटी आहे. त्याला बडबडगीताची एक ओळ म्हणायला सांगा. एका दमात म्हटली तर वेळ हातात आहे. दोन-दोन शब्दांनी थांबावं लागत असेल तर झटका जोराचा आहे. लहान बाळ असेल तर दूध ओढता येतं का ते पाहायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचे चौपट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० च्या वर आणि त्याहून मोठ्या मुलात ३० च्या वर श्वास हे जोराच्या झटक्याचं लक्षण. ओठ किंवा जीभ निळसर-राखाडी दिसणं ही फार उशिराची खूण आहे, तिची वाट पाहायची नसते.

कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. तो वापरा, पण त्याचं ऐका एका अटीवर. आकडा ९२ च्या खाली असेल तर विचार न करता निघा. आकडा ९६ असेल आणि बरगड्या आत ओढल्या जात असतील तर बरगड्यांवर विश्वास ठेवा. थंड बोटं, नखांवरची मेंदी, हलणारा हात यांनी आकडा चुकतो, मोठ्यांसाठी बनवलेली क्लिप लहान बोटावर नीट बसत नाही, आणि सावळ्या त्वचेवर ही यंत्रं कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात. झटक्याच्या सुरुवातीला आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो, कारण मूल जीव तोडून श्वास घेत असतं.

औषधाकडे येऊ. तुमच्याकडे मशीन आहे, पंप नाही, असं प्रश्नावरून दिसतं. मी सांगेन की पंप आणि मास्कचा स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायची पोकळ नळी) आजच आणा, मशीन राहू द्या. मशीन म्हणजे मोठा उपचार आणि पंप म्हणजे किरकोळ, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की क्लिनिकमध्ये मशीन लावलं नाही तर आई-बाबांना उपचार झाल्यासारखं वाटत नाही. जगभर मुलांवर केलेल्या तुलनांमध्ये स्पेसरमधून दिलेला पंप मशीनइतकाच उपयोगी ठरला आहे, आणि त्यात हृदयाची धडधड कमी होते. मशीनला दहा मिनिटं लागतात, वीज लागते, आणि ते चालत्या गाडीत लावता येत नाही. रात्री दोनला घरातून निघायचं असेल तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. आणखी एक, घरातलं मशीन साध्या हवेवर चालतं. जोराच्या झटक्यात सॅल्ब्युटामॉल दिल्यावर काही मुलांत ऑक्सिजन थोडा वेळ खाली जातो. म्हणूनच हॉस्पिटलात नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवतात.

स्पेसर कसा द्यायचा हे लिहून सांगण्यापेक्षा डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवलेलं बरं, तरी सांगतो. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे. मग जोरात हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा. गालापाशी फट राहिली तर निम्मं औषध बाहेर. एक फवारा, मग पाच-सहा श्वास. पुन्हा हलवायचा, पुन्हा एक फवारा. घाईत चार फवारे एकदम स्पेसरमध्ये मारू नका, थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात आणि मुलाला थोडंच मिळतं. मूल रडत असेल तर तुम्हाला वाटतं की मोठा श्वास घेतोय, औषध छान जातंय. तसं नाही. रडताना औषध घशात अडकतं. मांडीवर घेऊन, पाठ तुमच्या छातीला टेकवून, सरळ बसवून द्या. नव्या प्लॅस्टिकच्या स्पेसरच्या भिंतीला स्थिर विजेमुळे औषध चिकटतं. म्हणून तो भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता आपोआप वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की मेहनत वाया.

स्पेसर हाताशी नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये झटका आलेल्या मुलांवर पाहिलं होतं, की ५०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून ते चारी बाजूंनी बंद केलं, तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच काम करते. बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात, पंप मागच्या भोकात. तोंडाने नीट श्वास घेऊ शकणाऱ्या, पाचेक वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी ही सोय आहे. तुमच्या मुलाला मास्कच हवा. पण गावाकडे, शेतावर अडकलात तर पाण्याची बाटली उपयोगी पडते हे माहीत असू द्या.

मात्रा. पंपाच्या एका फवाऱ्यात सॅल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं. सर्दीबरोबर हलकी घरघर सुरू झाली, मूल खेळतंय, तर दोन फवारे पुरतात. वीस मिनिटांनी पाहायचं, गरज असेल तर पुन्हा दोन, आणि तसंच आणखी एकदा. पहिल्या दोन तासांत सहाहून जास्त फवारे लागले तर हा झटका घरचा राहिला नाही, डॉक्टर गाठायचे. आणि वर सांगितलेली जोराची लक्षणं सुरुवातीलाच दिसली, तर दोन-दोनचा हिशोब सोडून द्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला एकामागोमाग एक असे सहा फवारे द्या, मोठ्याला सहा ते दहा, आणि निघा. वाटेत दर वीस मिनिटांनी तेवढेच पुन्हा. लोक इथे कचरतात, कारण पुडक्यावर एक-दोन फवाऱ्यांची मात्रा छापलेली असते. एका तासात अठरा फवारे ऐकायला भयंकर वाटतात, पण हॉस्पिटलात जोराच्या झटक्याच्या पहिल्या तासात हेच करतात. हात थरथरतील, नाडी जोरात चालेल, मूल चिडचिड करेल, कधी उलटी होईल. हे दुष्परिणाम उतरतात. न मिळालेला श्वास परत मिळत नाही. फक्त मशीनच असेल तर १६ किलोच्या मुलाला २.५ मिलिग्रॅमची एक रेस्प्यूल (मशीनमध्ये ओतायच्या औषधाची छोटी कुपी), तीही गाडी दारात येईपर्यंतच. मशीन संपायची वाट पाहत घरात बसायचं नाही.

मुलाला एकाने सांभाळायचं, दुसऱ्याने गाडी चालवायची. दोन मोठ्यांच्या मध्ये स्कूटरवर चेंगरून मूल नेताना मी इंदुरात अजूनही रोज पाहतो. तसं नेलं तर वाटेत ना औषध देता येतं, ना त्याच्याकडे बघता येतं. रिक्षा बरी. १०८ ला फोन करा आणि श्वासाचा त्रास आहे, मूल बोलू शकत नाही, असं पहिल्या वाक्यात सांगा. गाडी आधी मिळाली तर तिच्यातून निघा. कुठे जायचं हे झटका नसताना ठरवून ठेवा. घराजवळचं कोणतं हॉस्पिटल रात्री मुलं घेतं, तिथे ऑक्सिजन आणि बालरोगतज्ज्ञ आहेत का, हे एखाद्या रविवारी जाऊन विचारून या. एम. वाय. हॉस्पिटल किंवा चाचा नेहरू बाल चिकित्सालय तुमच्या घरापासून रात्री किती मिनिटांवर आहे आणि संध्याकाळी सातला किती, यात मोठा फरक पडतो.

स्टिरॉइडच्या सिरपबद्दल. प्रेडनिसोलोन १ ते २ मिलिग्रॅम दर किलोला, दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस, दोन ते पाच वर्षांच्या मुलात दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम, अशी मात्रा असते. ही मी वाचणाऱ्यांना माहिती म्हणून सांगतोय, आपणहून सुरू करायला नाही. ज्या मुलाला आधी ॲडमिट करावं लागलं आहे, त्याच्या घरी ही बाटली असावी आणि कधी द्यायची हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं असावं, असं माझं मत आहे. तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. बाजारात एकच नाव असलेल्या सिरपच्या दोन ताकदी मिळतात: ५ मिलीत ५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत १५ मिलिग्रॅम. चमच्याने मोजणाऱ्या घरात यामुळे तिप्पट किंवा एक तृतीयांश औषध जातं. म्हणून कागदावर मिली आणि ताकद दोन्ही लिहून घ्या. दुसरी गल्लत अशी की मशीनमधून बुडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड) दिलं की स्टिरॉइड झालं, असं समजतात. जोराच्या झटक्यात ते तोंडाच्या किंवा शिरेतल्या स्टिरॉइडची जागा घेत नाही. आणि दर सर्दीला हे सिरप पाजणारीही घरं आहेत. वर्षात दोन-तीनदा त्याची गरज पडली तर रोजचा उपचार कमी पडतोय, असा त्याचा अर्थ.

काही गोष्टी करायच्या नाहीत. गरम पाण्याची वाफ द्यायची नाही. झटक्यावर तिचा उपयोग नाही आणि पातेलं उलटून भाजलेली मुलं आमच्याकडे येतात. ओव्याची धुरी, धूप, कापूर मुलाच्या खोलीत नको. आजीच्या काळापासून चालत आलं असलं तरी धूर तो धूरच. खोकल्याचं सिरप, झोप आणणारं सर्दीचं औषध नको, मूल पेंगायला लागलं तर ते औषधाने की थकून, हे कळेनासं होतं. सॅल्ब्युटामॉलचं तोंडाने घ्यायचं सिरप झटक्यात फार उशिरा काम करतं आणि थरथर जास्त देतं. अँटिबायोटिकने दमा उतरत नाही. थिओफिलिन जातीचं इंजेक्शन अजून बऱ्याच दवाखान्यांत पटकन टोचलं जातं. उपचारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडं अंतर असल्याने मुलांच्या झटक्यात त्याला आज पहिल्या फळीत जागा नाही.

महू, देपालपूर, सांवेरकडचे माझे बरेच विद्यार्थी आज एकट्याने दवाखाने चालवतात, त्यांच्यासाठीही दोन ओळी. ऑक्सिजन सिलिंडर, मास्क, पंप, स्पेसर, प्रेडनिसोलोन आणि इप्राट्रोपियम (श्वासनळी सैल करणारं दुसरं औषध) एवढं असलं तरी जोराच्या झटक्याचा पहिला तास तुम्ही मोठ्या हॉस्पिटलाइतकाच चांगला काढू शकता. ऑक्सिजन ९४ ते ९८ च्या दरम्यान ठेवायचा, सॅल्ब्युटामॉलबरोबर इप्राट्रोपियम फक्त पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, स्टिरॉइड पहिल्या तासातच. मूल गिळू शकत असेल तर तोंडाने दिलेलं शिरेतल्याइतकंच चालतं. तासाभरात मूल नीट बोलत नसेल तर पाठवा, आणि पाठवताना ऑक्सिजन सुरू ठेवून पाठवा. मॅग्नेशियमचं सलाईन, हाय फ्लो, व्हेंटिलेटर हे पुढचं काम आहे, त्याचा मोह नको.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही सांगायला हवं. मूल खेळता-खेळता, चिवडा किंवा शेंगदाणे खाताना एकदम ठसकलं आणि त्यानंतर घरघर सुरू झाली, तर दाणा श्वासनळीत गेला असू शकतो. तिथे पंप देत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. अंगावर गांधी, ओठ सुजलेले आणि सोबत धाप असेल तर ती ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असू शकते. तिचं औषध मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन आहे, आणि ते लगेच हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्यांदा घरघर लागली तर बहुतेक वेळा तो विषाणूचा ब्रॉंकिओलायटिस (बारीक श्वासनळ्यांची सूज) असतो, तिथे पंपाचा फारसा फायदा होत नाही.

सासूबाईंचा विरोध समजण्यासारखा आहे. त्यांच्या पिढीत पंप दिसायचा तो म्हाताऱ्या, खंगलेल्या माणसाच्या हातात, म्हणून पंप म्हणजे शेवटची पायरी अशी धास्ती बसली. त्यांना ही गोष्ट सांगा: पंप मुळात एका शाळकरी मुलीच्या तक्रारीतून निघाला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची दम्याची मुलगी म्हणाली, की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही देत? पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला. सवय लागण्याबद्दल म्हणाल, तर चष्म्याची लागते तेवढीच. जास्त गरज पडू लागली तर दमा वाढलाय, पंपाने वाढवलेला नाही. पोटातल्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये जाते, पंपाची मायक्रोग्रॅममध्ये, आणि तीही थेट फुप्फुसात.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध द्यायची प्रथा मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात अनेक ठिकाणी आहे. लोक श्रद्धेने रात्र जागतात. मी कुणाची खीर थांबवत नाही. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. एक, औषध घेतल्यावर रोजचा पंप बंद करायला सांगतात किंवा लोक आपणच बंद करतात, आणि पुढच्या थंडीत ती मुलं झटका घेऊन येतात. दुसरी, नाव-गाव नसलेल्या पुड्या. दम्याच्या अशा काही पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. मूल गुबगुबीत होतं, भूक वाढते, सगळे खूश असतात. म्हणून पुडी नको, आणि झटका चालू असताना तर काहीच नको. मूल धापा टाकत असताना तोंडात घातलेला घास श्वासनळीत जातो.

दिवाळीपासून तीन झटके म्हणजे दम्यावर ताबा उरलेला नाही. खरं काम झटक्यांच्या मधल्या दिवसांत आहे. रोजचा पंप, म्हणजे कमी मात्रेतलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन स्पेसरमधून, आणि नंतर चूळ भरणं. उंची खुंटते का, हा प्रश्न येणारच. बुडेसोनाइडवर वर्षानुवर्षं वाढलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला आहे, मोठेपणी उंचीत फरक सुमारे एक सेंटीमीटरचा निघाला. वारंवार ॲडमिट होणाऱ्या मुलाचं नुकसान त्याहून मोठं. मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या रोजच्या औषधाची गोळी किंवा सॅशे चालू असेल तर मुलाची झोप, भयस्वप्नं, चिडचिड यांकडे लक्ष ठेवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. दोन पंप घरात असतील तर रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात ‘रोजचा’ आणि ‘धापेचा’ लिहा. धापेचा पंप किती उरला हे पाण्यात तरंगवून कळत नाही. आकडा दाखवणारा घ्या, नाहीतर कॅलेंडरवर खुणा करा. आणि एक जास्तीचा आणून ठेवा.

आपल्या शहराचं वेळापत्रक साधारण ठरलेलं आहे. दिवाळीचा धूर, डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि घरोघरी फिरणारी सर्दी, मग रंगपंचमी. गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर गुलालाचे ढग उडतात, तिथे या वर्षी तुमच्या मुलाला नेऊ नका, गच्चीवरून पाण्याचे रंग खेळू द्या. एप्रिलमध्ये गहू निघाला की आसपासच्या गावांत नरवाई (शेतात उरलेले धसकट) जाळतात, तेव्हा संध्याकाळी खिडक्या बंद. पावसाळ्यात जुन्या भिंतींना येणारी बुरशी. यातली सर्दी सोडली तर बाकी बरंच टाळता येतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, अगदी गॅलरीत जाऊनही, तर मी त्यांना मुलासमोरच विचारतो की कधी बंद करणार. राग येतो लोकांना. येऊ दे.

नाशिकला जरूर जा. जाण्याआधी दोन आठवडे रोजचा पंप एकही दिवस न चुकता चालू हवा. सर्दी सुरू असेल किंवा त्या आठवड्यात धापेचा पंप रोज लागत असेल तर बेत पुढे ढकला. पंप आणि स्पेसर तुमच्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही. डॉक्टरांचा लिहिलेला कागद, मुलाचं वजन, सिरपची बाटली सोबत. रस्त्याने जाणार असाल तर दिवसा निघा. सेंधव्यापासून धुळ्यापर्यंतचा टप्पा, त्यात बिजासन घाट, रात्री झटका आला तर सगळ्यात अडचणीचा. १०८ नंबर मध्य प्रदेशातही चालतो आणि महाराष्ट्रातही, पण हद्दीजवळ तुम्ही कोणत्या गावाजवळ आहात हे सांगता यायला हवं. लग्नघरी मुलाला माळ्यावरून काढलेल्या गाद्यांवर झोपवू नका, स्वतःची चादर आणि उशी न्या. हळदीच्या दिवशी होमाच्या धुरापासून लांब बसवा. आणि पोहोचल्या दिवशीच यजमानांना विचारा, जवळचं मुलांचं हॉस्पिटल कुठे आहे.